पाठमोरी माणसं

घरातली फुटकी वस्तू टाकून येताना तुम्ही कधी मागे वळून पाहिलं आहे का? लहानांनी सांगा, मोठ्यांनीही सांगा.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राजाचं भरभराटीचं नगर होतं. तिथे एक रीत होती. घरात काही मोडलं, फुटलं, की ते वेशीबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचं आणि मागे न बघता परत यायचं. वळून पाहिलं तर त्या वस्तूचं दुर्दैव आपल्यामागून घरी येतं, असं सगळे मानत.

त्या माळावर एक राखणीण राहायची. कुत्री हुसकायची आणि ढिगारा सारखा करायचा, हे तिचं काम. आधी तिचा बाप ते करायचा. तो गेला आणि ती एकटी उरली. लोकांची चाहूल लागली की तिने झोपडीत शिरायचं आणि ते परत फिरले की बाहेर यायचं, हीही रीतच. वेशीवरचा पहारेकरी तिचा शिधा एका दगडावर ठेवायचा आणि तोही पाठ फिरवून जायचा.

त्यामुळे तिला दिसायच्या त्या फक्त पाठी. त्या मात्र तिला सगळ्या पाठ झाल्या होत्या; कोण कोण ते टाकलेल्या वस्तूंवरून कळायचं. कुंभाराचा उजवा खांदा खाली असायचा. तेलीण ठेचाळल्यासारखी चालायची. नवी सून पदर सारखा सारखा ओढायची.

एके दिवशी तिने मोडकं सूप घेतलं, त्याला पळीचे हात लावले, खराट्याच्या काड्यांचे केस लावले. उजवा खांदा जरा खाली केला. कुंभार उभा राहिला! मग तेलीण झाली, सून झाली. चाळणी, कढईचे कान, गंजलेली कुलपं, फुटक्या बांगड्या, नगराने टाकलेल्या सगळ्यातून तिने माळावर नगर उभं केलं.

संध्याकाळी ती त्यांच्याशी बोलायची. "काय हो कुंभारदादा, आज उशीर झाला का?"

कोण बोलणार? कुणाला तोंडच नव्हतं. नगरातल्या कुणाचं तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं, मग करणार कसं? एकदा तिने पाण्यात स्वतःचं तोंड पाहिलं. हेच सगळ्यांना लावावं का, असं तिच्या मनात आलं. पण मग म्हणाली, "नको. माझंच तोंड सगळ्यांना लावलं, तर मी पुन्हा एकटीच."

एका दुपारी नगरातली विणकरीण मोडका पाळणा घेऊन आली. पाळणा ठेवून ती परत फिरली. पाळण्याला एक लाकडी चिमणी आणि घुंगरू टांगलेलं होतं. राखणिणीला ती चिमणी इतकी आवडली, की विणकरीण दूर जाण्याआधीच तिने हात घातला. घुंगरू वाजलं.

त्या आवाजाने विणकरीण गर्रकन वळली.

राखणीण घाबरली. आयुष्यभर तिला नगरातलं एक तरी तोंड बघायचं होतं, पण आता तिनेच डोळे झाकले. "बाई, वळू नका! दुर्दैव घरी येईल!"

"माझ्या घरी आणखी काय यायचं राहिलंय?" विणकरीण म्हणाली. मग तिची नजर त्या माणसांवर गेली. "अगं बाई! हा तर आमचा कुंभार. आणि ही तेलीण! तिला कळलं तर तुझ्या झिंज्या उपटेल." बोलता बोलता ती एका मूर्तीपाशी थांबली. तुटक्या कांबीची पाठ, कमरेत वाकलेली. "ही कोण?"

"तुम्ही," राखणीण बोटांच्या फटीतून बघत हळूच म्हणाली.

"मी इतकी वाकून चालते?"

"गेल्या पावसाळ्यापासून. आधी ताठ चालायचा."

विणकरीण मूर्तीपाशी खाली बसली. तिचं बाळ गेल्या पावसाळ्यातच गेलं होतं. "शेजारपाजार आहे, गणगोत आहे," ती म्हणाली, "पण हे कुणाला दिसलं नाही गं." आणि ती पोटभर रडली. राखणिणीने डोळ्यांवरचे हात काढले आणि समोर बसून ती तिचं तोंड बघत राहिली.

ऊन उतरल्यावर विणकरीण उठली. वेशीपर्यंत जाताना ती सारखी मागे वळत होती. पहारेकरी ओरडला, तरी वळत होती.

दिवस मावळायच्या आत राखणिणीने पाळण्याच्या फळीतून एक तोंड कोरलं आणि वाकलेल्या मूर्तीला लावलं. मग वेशीकडे एकदा बघून ती झोपडीत गेली. त्या संध्याकाळी माळ तिला नेहमीपेक्षा मोठा वाटला.

टाकलेल्याकडे जो वळून पाहतो, त्यालाच ते जपणारं माणूस दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विणकरीण माळावर आली. तिच्या हातात टाकायला काहीही नव्हतं.