अनसाबाईची हिरवी भेंडी

नदीकाठच्या एका बाजारगावात अनसाबाई नावाची भाजीवाली होती. घरामागच्या वाफ्यातली भेंडी आणि मिरच्या ती दर मंगळवारी बाजारात विकायची. भाजी ताजी असे, पण दिसायला साधीच. शेजारच्या भाजीवाल्यांच्या पालांमध्ये मात्र हिरवीगार, चकचकीत भाजी येऊ लागली आणि अनसाबाईकडे कोणी थांबेनासे झाले.

शेवटी तीही मुरारशेठ या ठोक व्यापाऱ्याकडून भेंडी आणि सोललेले वाटाणे आणू लागली. टोपल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. अनसाबाई खूश झाली.

एका सकाळी उसळ करावी म्हणून तिने उरलेले वाटाणे पाण्यात घातले. थोड्या वेळाने पाहते तो पाणी हिरवेगार! तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि शेठच्या भेंडीवर घासला. बोळा हिरवा झाला. दुसरा बोळा तिने आपल्या वाफ्यातल्या भेंडीवर घासला. तो पांढराच राहिला.

ती तडक मुरारशेठकडे गेली.

"शेठ, भाजीला रंग लावता?"

"गिऱ्हाईक डोळ्यांनी भाजी घेतं, अनसाबाई," शेठ हसून म्हणाला. "तुझाही माल खपतोय ना? मग कशाला खोलात शिरतेस?"

घरी सून म्हणाली, "आत्याबाई, त्याच्याकडून आणणं बंद करा, पण बोलू नका. लोक आपल्यालाच नावं ठेवतील."

सुनेचे म्हणणे खोटे नव्हते. पण हे वाटाणे कोणकोणत्या घरांत गेले, ते अनसाबाईला एकेक करून आठवू लागले. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

मंगळवारी तिने फक्त वाफ्यातली भाजी मांडली. पुढ्यात तेलाची वाटी आणि कापूस ठेवला. मग उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "बायांनो, गेले दोन बाजार मी तुम्हाला मुरारशेठकडून आणलेली रंगवलेली भेंडी आणि वाटाणे विकले. मला ठाऊक नव्हतं, पण विकले मीच. घरात उरले असतील तर टाकून द्या." आणि रंग कसा ओळखायचा, तेही तिने करून दाखवले.

शाळेतल्या वत्सलाबाई संतापल्या. "माझ्या नातवाला भरवले मी ते वाटाणे!" असे म्हणून त्या तरातरा निघून गेल्या. त्या दिवशी अनसाबाईची एक भेंडीही विकली गेली नाही. भरल्या टोपल्या घेऊन ती घरी परतली.

पण घरोघरी तेलाच्या वाट्या निघाल्या. कुणी मिरची घासली, कुणी भेंडी. कुणी वाटाणे भिजत घातले. जिकडेतिकडे हिरवे बोळे आणि हिरवे पाणी!

पुढच्या मंगळवारी बायकांचा घोळकाच मुरारशेठच्या गाळ्यावर गेला. पुढे वत्सलाबाई होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर शेठची भेंडी घासली आणि हिरवा बोळा उंच धरला.

शेठ गुरकावला, "तुमच्याच हाताला रंग असेल!"

"असं म्हणता? मग याच हाताने अनसाबाईंची भेंडी घासते."

सारा बाजार टाचा उंचावून पाहू लागला. वत्सलाबाईंनी नवा बोळा घेतला आणि पुन्हा पुन्हा घासला. बोळा पांढराशुभ्र! टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नदीपलीकडे ऐकू गेला.

मुरारशेठची मान खाली गेली. रंगवलेला सगळा माल त्याला लोकांदेखत खड्ड्यात पुरावा लागला. त्या दिवसापासून त्या बाजारातला प्रत्येक भाजीवाला तेल आणि कापूस जवळ ठेवू लागला.

अनसाबाईच्या टोपल्या तासाभरात रिकाम्या झाल्या. शेवटची भेंडी पिशवीत घेताना वत्सलाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी फार बोलले मी. खरं तर चारचौघांत स्वतःची चूक सांगायला मोठं काळीज लागतं. आता तुमची भाजी मी डोळे मिटून घेईन."

"नको, बाई," अनसाबाई ताठ मानेने म्हणाली. "डोळे उघडे ठेवूनच घ्या. माझी असली तरी घरी नेऊन घासून बघा!"

तात्पर्य: आपली चूक जो स्वतःहून कबूल करतो आणि आपला माल पारखायला स्वतःच पुढे करतो, तोच लोकांचा विश्वास जिंकतो, आणि नुसत्या चकाकीला न भुलता, पानात वाढायची वस्तू आधी पारखून घ्यावी.