पाखऱ्या आणि मालकाची हाक

एका माळावरच्या गावाला कुत्र्यांच्या शर्यतीचा भारी नाद होता. तिथली कुत्री उंच, सडपातळ, सुटली की डोळ्यांना न दिसणारी. शर्यतीची रीत साधी होती. माळाच्या एका टोकाला कुत्रं धरून ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून मालकाने हाक मारायची. हाकेची ओढ वाढावी म्हणून एरवी मालकाने कुत्र्याशी चकार शब्द बोलायचा नाही की अंगावरून हात फिरवायचा नाही. भाकरी टाकायची तीही घरातल्या दुसऱ्या कुणी. गावातली शहाणी माणसं याला शिकवण म्हणत! मुक्या जिवाला मायेवाचून उपाशी ठेवायचं, ही कसली शिकवण?

त्या गावात एक सुतार आणि त्याची बायको राहत. त्यांचा कुत्रा पाखऱ्या. गावच्या दोन जत्रांतल्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या आणि सुतार गावात छाती काढून हिंडत होता.

तिसऱ्या जत्रेच्या आदल्या दिवशी भाकरी टाकताना बायकोला दिसलं, पाखऱ्या पुढचा उजवा पाय टेकत नाही.

"अवो, पाय सुजलाय ह्याचा. उद्या नगा पळवू."

सुताराला ती सूज सकाळीच दिसली होती, खोटं कशाला बोला. पण तो म्हणाला, "पळाया लागला की मोकळा हुतोय पाय. आता माघार घेतली तर गावात तोंड कसं दावू?"

"तुमच्या तोंडापायी त्याचा पाय जाईल," बायको म्हणाली. तिला त्या दिवशी घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ माणसांनी फुलला. पलीकडच्या टोकाला सुताराच्या मेहुण्याने पाखऱ्याला धरलं होतं. अलीकडे सुतार उभा होता आणि शेजारी बायको पदराचं टोक पिळत होती. बाकीच्या मालकांनी हाका सुरू केल्या. पाखऱ्या कान टवकारून आपल्या हाकेची वाट बघत होता. सुतार गप्प राहिला असता, तर पाखऱ्या जागचा हलला नसता.

सुताराने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं. आणि हाक मारली, "पाखऱ्या, ये रे माझ्या राजा!"

पाखऱ्या सुटला. अर्ध्या माळावर सगळ्यांच्या पुढे होता. तिथे त्याचा पाय मुडपला. तो कोलमडला, उठला आणि तीन पायांवर पुन्हा धावू लागला.

सुतार जिवाच्या आकांताने ओरडला, "थांब! पाखऱ्या, थांब!"

पण 'थांब' म्हणजे काय, हे पाखऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की मालक बोलावतोय. तो दुखरा पायही टेकून धावू लागला. सुतार जितका ओरडे, तितका तो जोराने धावे.

बायकोने सुताराच्या तोंडावर हात दाबला. "गप ऱ्हावा! तुमच्या आवाजानंच मरंल त्यो!"

सुतार गप्प झाला. आवाज थांबला तसा पाखऱ्या मंदावला आणि भर माळात थरथरत उभा राहिला. बाकीची कुत्री त्याला मागे टाकून गेली. सुतार धावत त्याच्याकडे गेला आणि त्याला उचलून घरी घेऊन आला.

हाड मोडलं होतं. सुताराने स्वतः बांबूच्या कामट्या तासून पायाला बांधल्या. पण तो घरात नुसतं बायकोशी बोलला, तरी पाखऱ्या कोपऱ्यातून धडपडत उठे आणि त्याच्याकडे पळायला बघे. म्हणून हाड जुळेपर्यंत, पुरते दोन महिने, सुतार आपल्याच घरात मुका राहिला. रोज पाखऱ्याजवळ बसायचा, त्याच्या अंगावरून हात फिरवायचा आणि न बोलता रडायचा.

तात्पर्य: ज्याला थांबायला शिकवलं नाही, त्याला पळवू नये. आपल्या मानासाठी मुक्या जिवाची माया पणाला लावू नये.