उघडलेला ब्रेक

“पण ब्रेकला ग्रीस कशाला, उस्ताद? ब्रेकनं धरायचं की घसरायचं?”

प्रल्हादनं हे विचारलं तो मंगळवार होता, मिरजेतल्या गॅरेजातल्या कुठल्याही मंगळवारासारखा. वकीलसाहेबांची सत्तर वर्षांची मोटार जॅकवर होती. दुसऱ्या दिवशी तिच्यातून त्यांच्या लेकीची वरात निघायची होती.

दस्तगीर उस्तादांनी पुढचं चाक हातानं फिरवलं. फिरलं. प्रल्हादला आत बसवून ब्रेक दाबायला लावला, मग सोडायला. चाक पुन्हा फिरवलं.

हललं नाही.

“धरलाय की चांगला,” प्रल्हाद आतून म्हणाला.

“धरलाय. आता सोड म्हणून सांग त्याला.”

ड्रम उघडला. ब्रेक दाबल्यावर चाक धरणारे आतले दोन्ही शू गंजून मागच्या पत्र्याला अडकले होते. उस्तादांनी गंज खरवडला आणि शू पत्र्याला घासतो तिथं नखाएवढं ग्रीस लावलं.

“ड्रमला धरते त्या पट्टीला, लायनरला, मात्र बोट लावायचं नाही.”

तीन चाकं झाली. प्रल्हादनं मागचं डावं चाक उघडलं, तेवढ्यात भावाचा फोन आला. त्यानं ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि पान्हा उचलला.

“कोण रे?”

“भाऊ. आप्पा गेले. चारला उचलणार आहेत.”

प्रल्हादनं शेती सोडली तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. उस्तादांना ते माहीत होतं.

“मग?”

“उघडलेला ब्रेक टाकून उठायचं नाही. तुमचाच नियम.”

“माझाच...”

“आणि गेलो तर चुलते म्हणतील, आला बघा आता.”

“म्हणतील.”

“आप्पा काही बघणार नाहीत.”

“नाहीत.”

उस्तादांनी पान्ह्याचं दुसरं टोक धरलं. ओढलं नाही. नुसतं धरून उभे राहिले.

...

बऱ्याच वेळानं प्रल्हादची बोटं सुटली.

उस्तादांनी त्याचे हात रॉकेलनं धुतले, कोपरापर्यंत, मग साबणानं. शटर ओढलं. स्कूटर काढली.

संध्याकाळी ते एकटेच परतले. प्रल्हाद गावातच राहिला होता. बंद शटरसमोर वकीलसाहेब येरझाऱ्या घालत होते.

“कुठं होता, उस्ताद? उद्या वरात आहे. ब्रेक अर्धा टाकून तुम्ही उठत नाही, म्हणून तर गाडी तुमच्याकडे दिली.”

“होय.”

“मग झाली का?”

“नाही,” उस्ताद म्हणाले. “मागचं डावं चाक राहिलंय.”