नावं घेणारी केवळाबाई

वाघोरीच्या लोखंडभट्टीला एकच चिमणी होती आणि गावच्या दवाखान्यावर कौलं होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या दवाखान्यात केवळाबाई नावाची आया होती. जखम धुताना ती माणसाला नावानं हाका मारत राही. वाट चुकलेला जीव आपल्या नावालाच ओळखतो, असं तिचं म्हणणं. डॉक्टर ओगले हसायचे, पण त्यांनी तिला कधी अडवलं नाही.

एकदा भट्टीत वितळलेलं लोखंड सांडलं. एका कामगाराला बेशुद्ध आणला. चेहरा ओळखू येईना, म्हणून बिल्ला पाहिला. बिल्ला दामू सणसचा होता. केवळाबाई दिवसभर ‘दामू, ए दामू’ करत बसली, आणि नाडी बुडतच चालली. दामूची बायको रडत आली, तिनं पाय पाहिले आणि रडायची थांबली.

“हे पाय आमच्या माणसाचे न्हाईत.”

दामू भावकीतल्या लग्नाला गेला होता. त्याच्या बिल्ल्यावर मुकादमानं बदली माणूस उभा केला होता. भट्टीची तशी रीतच होती. केवळाबाईनं मुकादमाला गाठलं.

“ह्याचं नाव काय?”

“बदलीला कोण नाव इचारतं, बाई?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून जास्त शरम वाटली. परक्या नावानं हाका मारून आपणच ह्याला लांब घालवला, असं तिच्या मनानं घेतलं. ती खाटेशी बसली आणि आठवतील तेवढी नावं घेऊ लागली. तिची संपली, तशी गावातली माणसं येऊन आपल्याजवळची देऊ लागली. असं म्हणतात, की तीन दिवस ती पाण्यालाही उठली नाही. असं म्हणतात, की तिचा घसा बसला तरी हाक पार नदीपलीकडे ऐकू येत होती, आणि तेवढे दिवस भट्टीचा भोंगा काही केल्या वाजेना.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. तिचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. जगावा म्हणून त्याचं नाव सटवा ठेवलं होतं.

“सटवा,” केवळाबाईनं हाक मारली.

खाटेवरून ‘ओ’ आली.

पुढं तो किती वर्षं जगला, ह्यावर वाघोरीत अजून भांडणं होतात. ‘ओ’ दिली, ह्यावर मात्र कुणाचं दुमत नाही.

आता दवाखाना चार मजली आहे, तरी तिथल्या खाटांना नंबर नाहीत. बेशुद्ध, अनोळखी माणूस आला, की गावकरी हातातलं काम टाकून येतात आणि खाटेशी एकेक नाव घेतात. बहुतेक जण आपल्या गेलेल्या माणसाचं घेतात.