पलीकडून उत्तर नाही

आमच्या कंपनीत सहस्रबुद्धे सरांचा शब्द शेवटचा. त्या दिवशी त्यांनी नलिनी उईकेचा क्लायंट क्लास पडद्यावर लावला. इस्पितळातून दूरच्या रक्तपेढीच्या सर्व्हरकडे रक्त मागणारा कोड होता तो. नलिनी नागपूरहून फोनवर, आम्ही पुण्यात सरांसमोर.

"दूरचा सर्व्हर शेजारी असल्यासारखाच वाटला पाहिजे!" सर कडाडले. "हाक मारली, उत्तर आलं, संपलं. हे टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळच वाट बघणं, हे पुन्हा विचारणं, सगळं आजच काढा. नाहीतर तुम्हालाच प्रोजेक्टवरून काढतो. कळलं?"

फोन गप्प. आम्ही घड्याळाकडे बघू लागलो.

"हॅलो? ऐकू येतंय का?" सर फोनवर वाकले. "माझं बोलणं पोचलं, की पुन्हा सांगू? अहो, किती वेळ थांबायचं माणसानं?"

पलीकडून शांत आवाज आला. "लाइन उत्तम आहे, सर. मी मुद्दाम गप्प होते. तुम्ही आत्ता जे विचारलंत, तेवढंच माझा क्लास विचारतो. मी शेजारी बसले असते, तर विचारलं असतंत?"

सरांनी घसा खाकरला. "टाइमआउट किती ठेवलाय?"

"पाच सेकंद. तुम्ही वीस थांबलात, सर. रक्त मागणाऱ्या डॉक्टरला तेवढी सवड नसते."