कागदाची कड

एकदा एका वृद्ध कारागिराकडे एक तरुण आई काम शिकायला आली. काचेवर आणि दगडावर वाळूच्या फवाऱ्याने नक्षी काढणे, ही त्याची विद्या. काचेवर रबरी चिकट कागद डकवायचा, नक्षीपुरता पात्याने कापून काढायचा आणि मग हवेच्या जोराने वाळू सोडायची. उघड्या जागी पांढरी नक्षी उमटते. झाकलेली जागा नितळ राहते.

शिष्येचा हात सुरेख होता. दोष एकच. फवारा सुरू झाला, की तिला राहवत नसे. आतली काच ठीक असेल ना, या काळजीने ती मध्येच यंत्र थांबवी आणि नखाने कागदाची कड जराशी उचलून पाही. काच ठीकच असे. पण उचललेली कड पुन्हा पहिल्यासारखी चिकटत नसे. वाळू तिथून आत शिरे आणि नितळ जागी धुरकट डाग पडे. मग आपली काळजी खरीच होती असे तिला वाटे, आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर कड उचले.

गल्लीच्या टोकाशी बालवाडी होती. तिची तीन वर्षांची रेवती तिथे नुकतीच जाऊ लागली होती. कामातून उठून शिष्या चारचारदा तिथल्या खिडकीत डोकावून येई. बालवाडीच्या ताई एकदा म्हणाल्याही, "अहो, पोर छान रमलेली असते. तुम्ही दिसलात की भोकाड पसरते. रडते का ते बघायला येता आणि रडवून जाता." तिला ते अगदी पटले. तासाभराने ती पुन्हा गेली.

एके दिवशी एक कापडाचा व्यापारी कपाटाच्या दाराची जुनी काच घेऊन आला. ते कपाट त्याच्या दिवंगत पत्नीने माहेरून आणलेले. तिच्या रांगोळीच्या वहीतली जाईची वेल त्याला त्या काचेवर हवी होती. "अशी दुसरी नाही, बरं का," एवढेच बोलून, संध्याकाळी येतो म्हणून तो गेला.

शिष्येने कागद दाबून बसवला, वेल कापून काढली आणि काच गुरूपुढे सरकवली. सकाळीच तिने सरावाची तिसरी काच बिघडवली होती. म्हाताऱ्याने काच परत तिच्याकडे सरकवली, चहाचा पेला उचलला आणि बाहेरच्या बाकावर कारखान्याकडे पाठ करून जाऊन बसला.

काम करता करता तिचे नख दोनदा कडेपर्यंत गेले. दोन्ही वेळा तिने दाराकडे पाहिले. ती पाठ हलली नव्हती. दोन्ही वेळा तिने हात मागे घेतला. शेवटी काच धुऊन कागद सोलला, तेव्हा वेल दहिवरासारखी उमटली होती आणि भोवतीची काच नितळ होती.

ती बाहेर आली ती जराशी रागावूनच. "गुरुजी, ही बिघडली असती तर? एकदा तरी येऊन बघायचं."

म्हाताऱ्याने पेला पुढे केला. चहा काठोकाठ होता, वर जाड साय धरली होती.

"घोटभरही उतरला नाही," तो म्हणाला. "पण मुली, मी तुझ्या खांद्यावरून बघायला आलो असतो, तर तू कागदाखाली बघितलं असतंस. नक्षी वाळू काढते, राखायचं काम कागद करतो. तो तू नीट दाबून बसवलास, तिथे तुझं काम संपलं. पुढची काळजी काचेची नसते, आपली असते. ती आपणच सोसायची. ती हलकी करायला कड उचलली, की वाळूला वाट आपणच करून देतो."

संध्याकाळी व्यापाऱ्याने वेलीवरून एकदा बोट फिरवले आणि काच कापडात गुंडाळून नेली.

दुसऱ्या दिवशी डोकावायच्या नेहमीच्या वेळी शिष्या बालवाडीसमोरच्या चहाच्या टपरीवर, खिडकीकडे पाठ करून बसली. आतून कुणाचे तरी रडणे ऐकू आले. रेवतीचे की दुसऱ्या कुणाचे, तिला कळेना. ती उठली नाही. थोड्या वेळाने ते आपोआप थांबले, आणि कुणीतरी हसले.

घंटा झाली. कोपरापर्यंत रंग माखलेली रेवती धावत बाहेर आली.

"ताई, चहा आवडला नाही का?" टपरीवाल्याने विचारले.

पेला काठोकाठ होता. वर साय धरली होती.