अधीक्षकांचा मुक्काम

अध्यक्ष भाऊसाहेब ढमढेऱ्यांचा शब्द म्हणजे संस्थेत काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षक म्हणून ओळखीतला सुभानराव आणला. मुलींशी गैरवर्तन केलं म्हणून आधीच्या शाळेनं त्याला हाकललं होतं. मुख्याध्यापिका शालनताईंनी हरकत घेतली, तसे भाऊसाहेब भरसभेत कडाडले, "जुनं कशाला उकरता? माणूस सुधारलाय! सही करा, नाहीतर खुर्ची सोडा."

शालनताईंनी पेन उचललं. "करते. पण अधीक्षकांची खोली रंगवायला काढलीय. खोली मिळेपर्यंत नवा माणूस तुमच्या बंगल्यावर उतरतो, ही आपली रीतच आहे. आजच पाठवू?"

"बंगल्यावर? छे!" भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "घरात माझ्या नाती आहेत!"

शालनताईंनी पेनाला टोपण लावलं.

"वसतिगृहातल्याही कुणाच्या तरी नातीच आहेत, भाऊसाहेब."